आधी शेक्सपिअरचा काळ वाचावा की डिकन्सचा?

इंग्रजी साहित्याचा इतिहास वाचायला घेताना सुरुवात एलिझाबेथकालीन (शेक्सपिअरच्या काळातल्या) नाटकापासून करावी की व्हिक्टोरियन (एकोणिसाव्या शतकातल्या, डिकन्सच्या काळातल्या) कादंबरीपासून, असं भाचीनं विचारलं. खर्चाचा प्रश्नच नाही, दोन्ही नेटवर फुकट मिळतं.

भाषेत मात्र मोठा फरक. नाटक तळटिपांशिवाय उमगत नाही. कादंबरी सरळ वाचता येते, पण ती जाडजूड, चिकाटी हवी.

समाज समजून घ्यायला कादंबरी जास्त उपयोगी, असं माझं ठाम मत. तीन खंडांची कादंबरी व्हिक्टोरियन काळात साडेएकतीस शिलिंगांना मिळे. म्हणून वाचक वर्षाला एक गिनी (एकवीस शिलिंग) भरून मुडीच्या वर्गणीवर चालणाऱ्या लायब्ररीतून पुस्तकं आणत. डिकन्सच्या कादंबरीचा मासिक हप्ता मात्र एका शिलिंगात. पुढचा अंक घ्यावासा वाटेल, अशा जागी तो थांबे. बाजारानं कथेची घडण कशी ठरवली, ते इथं स्पष्ट दिसतं.

नाटकाचं म्हणाल, तर १५९९च्या ग्लोब या लंडनच्या नाट्यगृहात एका पेनीत उभ्यानं नाटक पाहता येई, स्त्रीभूमिका मुलगे करत. बालगंधर्वांची परंपरा ठाऊक असलेल्याला हे परकं वाटणार नाही. १६४२मध्ये पार्लमेंटनं नाट्यगृहंच बंद केली.

मोठ्यानं वाचायची, अभिनयाची हौस असेल तर नाटक घ्या. एकट्यानं, टिपांविना वाचणाऱ्यानं कादंबरी घ्यावी. भाचीला मी तीच सुचवली.