पायाची शिवणमशीन, वापरानंतरचा अनुभव (मुख्यतः पट्ट्याबद्दल)

मशीन चांगली आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची सगळी कटकट पायाखालच्या चाकावरून वरचं हातचाक फिरवणाऱ्या पट्ट्याची आहे.

सासूबाईंनी ही मशीन यवतमाळहून जुनीच घेतली होती. तिथली युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे ख्रिस्ती पाळकांचं शिक्षण देणारी संस्था, १९८३ मध्ये पुण्याला हलली, त्या सुमारास सामान विकून गेलेल्या एका कुटुंबाकडून. कंपनीचं सोनेरी नाव कधीच पुसलं गेलंय. सासूबाईंना सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा दिवाळीपासून ती माझ्याकडे आली. आधी मी मोटरची वापरायची. लोडशेडिंगमध्ये मोटरची किती कामाची, हे विदर्भातल्या खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

टाका एकसारखा पडतो. दात झिजलेले नाहीत, शटलमध्ये गुंता होत नाही, जीन्सची दुमडही निमूट ओढते. तेल वेळेवर घाला, फक्त त्याचा थेंब पट्ट्यावर जाऊ देऊ नका. बाकी मशीनबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. चाळीस वर्षं रानात चालूनही इस्राएल लोकांचे कपडे जीर्ण झाले नाहीत, असं बायबलच्या अनुवाद या पुस्तकात, ८:४ मध्ये आहे. तसं झालं तर आम्हा शिवणकाम करणाऱ्यांनी खायचं काय, असं मी एकदा आमच्या चर्चच्या मंडळीत म्हटलं होतं. पाळकसाहेब हसले नाहीत.

तर पट्टा. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला आणि जुना चामडी पट्टा वाळून, त्याची टोकं जोडणाऱ्या हुकाजवळ तुटला. तालुक्याच्या दुकानात गेले. मिस्त्री म्हणाला, "चामड्याचा आता कोनी घेत नाही बाई, हा प्लास्टिकचा न्या, जिंदगीभर पाहाचं काम नाही." त्याची जिंदगी आठवडाभरही नव्हती. मी पायडल मारतेय आणि हातचाक जागचं हलत नाही. परत गेले, तर म्हणतो, "मशीन म्हातारी झाली, पट्ट्याले काहून दोष देता? मोटर बसवून घ्या." पैसे परत द्यायला तयार नाही. बसभाडं वेगळंच गेलं. साताच्या सत्तर वेळा क्षमा करायला येशूने सांगितलंय, ती मी केली. पण पट्ट्याच्या पैशांचा त्या वचनात उल्लेख नाही.

मग भावाकरवी यवतमाळहून चामडी पट्टा मागवला. लावला, दोन दिवस मस्त चालला, नंतर तोही सैल. बोटभर कापून हूक पुन्हा ठोकला. परत सैल.

त्याच रविवारी उपदेशाला मार्क २:२१ आलं. कोऱ्या कापडाचं ठिगळ जुन्या वस्त्राला कोणी लावत नाही. लावलं तर ते जुन्याला ओढतं आणि फाटलेलं आणखी फाटतं. पाळकसाहेबांनी ते थेट आमच्या भांडणाला लावलं. तरुण मुलांना उपासनेत कीबोर्ड हवाय, वडीलधाऱ्यांना पेटी आणि टाळ. जुन्यात नवं घुसवू नका, असा एकूण सूर. मी पेटीच्या बाजूची, त्यात पट्ट्याने जीव खाल्लेला. जोरात मान हलवली. हा अनुभव तेव्हाच लिहिला असता तर "जुन्या मशीनला नवा पट्टा बसत नाही, घेऊ नका" एवढंच लिहिलं असतं.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पट्टा लावायच्या आधी लटकवला होता का?" कोरा चामडी पट्टा दाराच्या कडीला टांगायचा, खाली किलोचं वजन बांधायचं, रात्रभर तसाच ठेवायचा. चामडं जेवढं ताणायचं तेवढं आधीच ताणून घेतं. मग माप घेऊन कापायचा.

आणि मी साडीला फॉल लावायला बसणार होते, तो फॉल बादलीत भिजत होता.

ब्लाउज शिवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. अस्तर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापायचं. फॉलचंही तेच. कोरं लावलं तर पहिल्या धुण्यातच आटतं आणि साडी चुरगळते. मार्कातलं ठिगळही कोरं होतं, पाण्यातून न काढलेलं. येशू तिथे उपवासाबद्दल बोलत होता हे मला ठाऊक आहे, आणि वचनाचा अर्थ उलटा करायचा माझा विचार नाही. पण ते ऐकणाऱ्यांच्या घरीही कपडे धुतले, सांधले जात असतील. कोरं कापड आधी आटवून घ्यायचं, हे त्यांना कोणी समजावावं लागलं नसेल. आम्हाला मात्र उपदेशात फक्त "नवं नको" ऐकू येतं.

कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांनी अभंगाची चाल ख्रिस्ती उपासनेत आणली, आणि आज त्यांचीच भजनं आम्ही "आपली जुनी" म्हणून गातो. कीबोर्डवाल्या पोरांना मी आता सांगितलंय की काही रविवार पेटीच्या शेजारी नुसते बसा, चाली कानात मुरू द्या, मग वाजवा. एक जण नियमाने येतो. दुसऱ्याला मोबाइल सुटत नाही.

पट्टा म्हणाल तर लटकवून लावला तो पाऊस लागेपर्यंत घट्ट होता. आता दमट हवेत पुन्हा किंचित ढिला पडलाय. चामडं आहे, ते पाऊसपाणी मानणारच. थोडा कापून हुकासाठी नवं भोक पाडलं की काम भागतं, मिस्त्री लागत नाही. खरं तर हीच या मशीनची सगळ्यात मोठी सोय आहे: जे झिजतं ते स्वस्त आहे आणि पक्कड असेल तर घरी बदलता येतं. टिकाऊ म्हणजे न झिजणारं, असं मला आधी वाटायचं. आता वाटत नाही.

घ्यायची असेल तर जुनीच घ्या. घेताना लोखंडी स्टँडच्या पायडलचा सांधा हलवून बघा, तो खिळखिळा असेल तर सोडा. पट्टा चामड्याचा, आणि एक जास्तीचा आणून आत्ताच कडीला टांगून ठेवा. मोटर बसवा म्हणणाऱ्याला बिल कोण भरणार ते आधी विचारा.