नेक्स्ट.जेएसवर साइट आणून काही महिने झाले, त्याचा अनुभव

मराठी पुस्तकं विकणाऱ्या एका छोट्या दुकानाची साइट मी सांभाळतो. ती आधी पूर्णपणे ब्राउझरमध्येच तयार व्हायची, साधं रिअ‍ॅक्ट (पानं बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी). गेल्या पावसाळ्यात ती नेक्स्ट.जेएस या रिअ‍ॅक्टवरच उभ्या असलेल्या फ्रेमवर्कवर आणली. आता पान सर्व्हरवरच तयार होऊन येतं.

जुन्या साइटवर कुठल्याही पुस्तकाचं 'व्ह्यू पेज सोर्स' उघडलं की 'रूट' नावाचा रिकामा डिव्ह (पानातला कप्पा) आणि खाली स्क्रिप्ट, बस्स. पुस्तकाचं नाव नाही, लेखक नाही, किंमत नाही.

गूगलला जावास्क्रिप्ट वाचता येत नाही असं अजून बरेच जण म्हणतात, ते खरं नाही. २०१९ पासून गूगलबॉट (पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम) क्रोमियमची, म्हणजे क्रोम ब्राउझरच्या गाभ्याची, ताजी आवृत्ती वापरतो. पण तो आधी एचटीएमएल उचलतो आणि पान रेंडरिंगच्या, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवून पूर्ण पान बनवायच्या, रांगेत टाकतो. तिथे कधी काही सेकंद लागतात, कधी बराच जास्त वेळ. त्यात नेमक्या त्या वेळी एपीआयने (पुस्तकांची माहिती पुरवणाऱ्या सेवेने) मान टाकली, तर रिकामं पानच इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलच्या शोधयादीत, जाऊ शकतं. शिवाय हा बॉट बटणं दाबत नाही. आमची यादी 'आणखी दाखवा' या बटणामागे होती आणि पुस्तकांच्या कार्डांना एचरेफ (लिंकचा पत्ता) नव्हता, फक्त ऑनक्लिक (क्लिक केल्यावर चालणारा कोड). म्हणजे पहिल्या काही पुस्तकांनंतरच्या पानांकडे बॉटला नेणारी वाटच नव्हती.

साइट हलवताना खऱ्या लिंका आणि क्रमांकाची पानं दिली. नसलेल्या पुस्तकासाठी खरा ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही' हा कोड, यायला लागला. पूर्वी तिथेही २०० ('सगळं ठीक') जायचा आणि गूगल त्याला सॉफ्ट ४०४ म्हणायचं. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनातली इंडेक्स न झालेल्या पानांची यादी हळूहळू आटली. माझ्या मते याचं निम्मं श्रेय लिंकांचं आहे, आणि ते काम फ्रेमवर्क न बदलताही करता येतं.

सर्व्हर रेंडरिंगचा निर्विवाद फायदा दिसला तो व्हॉट्सअ‍ॅपवर. लिंकचा प्रिव्ह्यू बनवताना व्हॉट्सअ‍ॅप जावास्क्रिप्ट चालवत नाही, त्यामुळे आधी कुठलंही पुस्तक पाठवलं तरी दुकानाचंच नाव यायचं. आता मुखपृष्ठ आणि पुस्तकाचं नाव येतं. वाचकांच्या ग्रुपमधून येणारं गिऱ्हाईक आमच्यासाठी गूगलइतकंच मोलाचं आहे, म्हणून मला याचा फार आनंद झाला. एआयच्या बहुतेक बॉटनाही तयार एचटीएमएलच लागतं.

त्रासही आहे. सर्व्हरचं बिल वाढलं. हायड्रेशनच्या (सर्व्हरवरून आलेलं पान ब्राउझरमध्ये रिअ‍ॅक्टने ताब्यात घेण्याच्या) चुकांनी तर पिच्छा पुरवला. आमचा सर्व्हर यूटीसीवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागे), गिऱ्हाईक भारतीय वेळेवर. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हर 'आजचं पुस्तक'वर कालची तारीख छापायचा आणि ब्राउझर आजची. दोन्ही जुळेनात की रिअ‍ॅक्टची तक्रार सुरू. शेवटी दोन्हीकडे आशिया/कोलकाता हा टाइमझोन स्पष्ट लिहिला, तेव्हा थांबलं. किंमत बदलल्यावर दुसरी गंमत कळली: सर्व्हरने तयार करून साठवलेल्या पानाची मुदत संपल्यावर येणाऱ्या पहिल्या माणसाला जुनंच पान दिसतं, नवं त्याच्या पाठोपाठ तयार होतं. दुकानासाठी हे चालणार नव्हतं, म्हणून किंमत बदलली की ते पान लगेच ताजं करायची सोय केली.

तुम्ही हलवायच्या विचारात असाल तर आधी सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये रेंडर झालेलं एचटीएमएल उघडा आणि त्यात तुमचा मजकूर शोधा. तो तिथे असेल, तर आधी लिंका आणि ४०४ नीट करा, बाकीचं नंतर. ऑर्डरी बघायचा डॅशबोर्ड मी जुन्याच पद्धतीवर ठेवलाय; लॉगिनच्या मागे बॉट येतच नाही.