भिरंडेचे रोप: बियांचे की कलमाचे?

गोव्यात ज्याला भिरंड म्हणतात त्या कोकमाची लागवड करताना पहिला प्रश्न रोपाचा येतो. बियांपासून केलेले रोप स्वस्त मिळते आणि त्याचे सोटमूळ खोल जात असल्यामुळे जांभ्या दगडाच्या उतारावरही ते तग धरते. मात्र या झाडात नर व मादी वेगवेगळे असल्याने सुमारे निम्मी रोपे नर निघतात आणि हे कळायला सहा-सात वर्षे, म्हणजे पहिला मोहोर येईपर्यंत, थांबावे लागते. एवढी वर्षे पाणी घातलेले झाड फळच देणार नाही, हे पचवणे सोपे नाही.

मादी झाडाच्या फांदीची काडी बियांच्या कोवळ्या रोपावर, म्हणजे खुंटावर, जोडून केलेल्या मृदकाष्ठ कलमात ही अनिश्चितता राहत नाही, फळही लवकर लागते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात अशीच कलमाने वाढवतात. परागीकरणासाठी बागेत थोडी नर झाडे मात्र हवीतच. कलमकाडी आडव्या फांदीची असेल, तर झाड उभे न वाढता पसरते, म्हणून ती उभ्या शेंड्याचीच असल्याची खात्री करावी. जोडाखालून फुटणारे धुमारे वेळोवेळी काढावेत, नाहीतर खुंटच वर येतो.

पावसाच्या सुरुवातीला लावलेल्या दोन्ही रोपांना पहिले दोन उन्हाळे झावळ्यांची सावली, बुंध्याशी पालापाचोळा आणि गुरांपासून कुंपण लागते. घरच्या आगरात चार-पाच झाडेच लावायची असतील, तर मी कलमच निवडेन.