लॅटिनमध्ये ‘मागणे’ आणि ‘विचारणे’: पेतेरे, क्वाइरेरे की रोगारे?

लॅटिन वाक्यरचना करायला बसलेला विद्यार्थी इंग्रजी शब्दकोशात ‘आस्क’ पाहतो, तेव्हा त्याच्यासमोर पेतेरे, क्वाइरेरे, रोगारे आणि पोस्केरे अशी चार क्रियापदे उभी राहतात. मराठी भाषकाने इंग्रजीचा फेरा टाळून आधी एवढेच ठरवावे, की आपल्याला काही मागायचे आहे की विचारायचे आहे. निम्मी निवड तिथेच होते.

मदत, पाणी किंवा तह मागायचा असेल तर पेतेरे घ्यावे. त्याचा मूळ अर्थ एखाद्या दिशेने झेपावणे असा असून संस्कृतातील ‘पत्’ हा त्याचा भाऊबंद धातू आहे. म्हणूनच बंदराकडे जाणे, शत्रूवर चाल करणे, कॉन्सलपदासाठी, म्हणजे प्राचीन रोममधील सर्वोच्च अधिकारपदासाठी, उभे राहणे आणि याचना करणे ही सारी कामे हे एकच क्रियापद करते. ‘आब एओ आक्वाम पेतीवी’ म्हणजे ‘मी त्याच्याकडे पाणी मागितले’. ‘त्याला मागितले’ या मराठी सवयीने मी एकदा वहीत ‘एउम पेतीवी’ असे लिहिले होते, आणि ते वाचणारा ‘मी त्याच्यावर धावून गेलो’ असाच अर्थ घेईल.

क्वाइरेरेचा गाभा शोधण्याचा आहे, त्यामुळे माहिती विचारताना ते नेमके बसते. ज्याला विचारायचे त्याच्याआधी ‘एक्स’ किंवा ‘आब’, म्हणजे ‘-कडून’ अशा अर्थाचे शब्दयोगी, येते. पाणी मागायला मात्र ते चालत नाही.

रोगारे दोन्हीकडे चालते, आणि व्यक्ती थेट द्वितीयेत येते: ‘रोगो ते उत वेनिआस’ म्हणजे ‘तू यावेस अशी विनंती करतो’, तर ‘रोगो ते क्विद आगास’ म्हणजे ‘तू काय करतोस ते विचारतो’. सिनेटमध्ये, म्हणजे रोमच्या राज्यसभेत, सदस्याला मत विचारताना तर व्यक्ती आणि मत दोन्ही द्वितीयेत असत. संस्कृतातील याच् आणि प्रच्छ् हे द्विकर्मक धातू शिकलेल्याला यात नवल वाटणार नाही. कायद्याचा प्रस्ताव लोकांपुढे मांडणे हेही रोगारेच. इ.स.पू. 63 च्या सुमाराच्या एका रोमन नाण्यावर मतदार पाटी टाकताना दिसतो आणि त्या पाटीवर ‘उती रोगास’, म्हणजे ‘तू विचारतोस तसे होवो’, याचे आद्याक्षर कोरलेले आहे. शंका असेल तिथे मी रोगारेच सुचवेन.

पोस्केरे हे संस्कृतातील ‘पृच्छति’ (विचारतो) याच्याच मुळातले असले, तरी लॅटिनमध्ये ते हक्काने मागण्याकडे झुकले. शिक्षकांकडे रजा मागताना पोस्को लिहिले, तर विनंतीची दटावणी होते.