फॉस्फरस आवरणारी गोळी: कॅल्शियमची चालू ठेवावी की सेव्हेलॅमर घ्यावी?

डायलिसिसवरच्या माणसाच्या एक्स-रेत महाधमनीत कॅल्शियम साचल्याची ओळ दिसली की घरात पहिला प्रश्न हाच उठतो: रोजची कॅल्शियमची गोळी बंद करायची का? समोर बहुतेक वेळा दोन वाटा असतात. एक स्वस्त कॅल्शियम अ‍ॅसिटेट किंवा कार्बोनेटची, दुसरी महागड्या सेव्हेलॅमरची. दोन्हींचं काम एकच, जेवणातला फॉस्फरस आतड्यातच बांधून शौचावाटे बाहेर काढायचा.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की हवी. धमनीत साचलेलं कॅल्शियम खात्रीने विरघळवणारं औषध आज हातात नाही, त्यामुळे निर्णय आहे तो वाढ मंदावण्याचा. रक्तात फॉस्फरस सतत चढा राहिला की धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात आणि स्वतःभोवती खनिज जमवतात. धमनी कडक होते, वरचं बीपी चढतं, खालचं उतरतं आणि हृदयाचा डावा कप्पा जाड होत जातो.

आता हिशोब. दिवसाला पोटात 1000 मिलिग्रॅम फॉस्फरस गेला आणि त्यातला साधारण 60 टक्के रक्तात उतरला, तर आठवड्याला 4200 मिलिग्रॅम होतो. चार तासांच्या एका डायलिसिसला ढोबळमानाने 800 निघतो. आठवड्यातून तीनदा बसलं तर 2400, आणि आपल्याकडे अनेक जण खर्चापायी दोनदाच बसतात, त्यांचा 1600. उरलेलं अंतर गोळीने आणि ताटाने भरून काढायचं असतं. म्हणून माझ्या मते कोणती गोळी यापेक्षा तिसरं डायलिसिस जमवता येतं का, हा प्रश्न आधीचा आहे.

कॅल्शियमच्या गोळीची जमेची बाजू म्हणजे ती परवडते, आणि परवडणारी गोळी महिनाअखेरपर्यंत घेतली जाते. डायलिसिसचा खर्च सरकारी योजनेतून निघाला तरी रोजची औषधं बहुधा खिशातूनच येतात, त्यामुळे हा मुद्दा दुय्यम मानू नये. अडचण अशी की तिच्यातलं काही कॅल्शियम अंगात मुरतं. गोळीवरच्या आकड्यातही फरक असतो. कार्बोनेटच्या वजनात 40 टक्के कॅल्शियम असतं, अ‍ॅसिटेटमध्ये 25. म्हणजे 667 मिलिग्रॅमच्या अ‍ॅसिटेटच्या गोळीत सुमारे 169 मिलिग्रॅम, तर 1250 मिलिग्रॅमच्या कार्बोनेटमध्ये 500. 2003 च्या अमेरिकी मार्गदर्शनात गोळ्यांमधून येणाऱ्या कॅल्शियमची मर्यादा दिवसाला 1500 मिलिग्रॅम ठेवली होती. केडीआयजीओ या किडनीविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय गटाच्या 2017 च्या मार्गदर्शनाने आकडा न देता कॅल्शियमयुक्त गोळ्यांचा डोस आवरता ठेवा असं सुचवलं. शिवाय कार्बोनेटला काम करायला पोटातलं आम्ल लागतं. पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर त्याचा जोर कमी पडतो. त्यामुळे कॅल्शियमचीच गोळी घ्यायची ठरली तर अ‍ॅसिटेट बरी.

सेव्हेलॅमरमध्ये कॅल्शियम नाही, हा तिचा मोठा गुण. वाईट कोलेस्टेरॉलही ती थोडं उतरवते. पण गोळ्या मोठ्या, संख्येने जास्त, पोट फुगतं, बद्धकोष्ठता होते. त्या चावायच्या-कुटायच्या नसतात. थायरॉइडची गोळी किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनही ती बांधून ठेवते, म्हणून वेळांमध्ये अंतर ठेवावं लागतं.

मग धमन्यांसाठी कोणती सरस? 2002 मध्ये 200 डायलिसिस रुग्णांवर वर्षभर झालेल्या तुलनेत कॅल्शियमवाल्यांच्या धमन्यांतलं साचणं जास्त वाढलं, सेव्हेलॅमरवाल्यांचं कमी. चित्र इतकंच असतं तर निवड सोपी होती. पण 2007 च्या, 2100 रुग्णांच्या मोठ्या चाचणीत एकूण मृत्यूंमध्ये ठोस फरक निघाला नाही. जपानमध्ये लँथॅनम (फॉस्फरस बांधणारं, कॅल्शियम नसलेलं आणखी एक औषध) आणि कॅल्शियम कार्बोनेट यांची तुलना 2021 साली प्रसिद्ध झाली. तिथेही हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या नाहीत. स्कॅनवरचा फरक आयुष्यात उतरतोच, असं म्हणता येत नाही.

तरीही काही जणांसाठी माझा कौल स्पष्टपणे सेव्हेलॅमरला आहे. रक्तातलं कॅल्शियम वरच्या टोकाला आहे, किंवा पीटीएच (हाडातलं कॅल्शियम रक्तात आणणारं संप्रेरक) फारच खाली आहे, किंवा एक्स-रेत साचणं आधीच दिसतंय, त्यांनी पैशाची तजवीज करून बदल करावा, जेनेरिकमध्ये काय मिळतं ते विचारावं. पीटीएच फार खाली असतं तेव्हा हाड सुस्त असतं, जास्तीचं कॅल्शियम ते सामावून घेत नाही, मग ते धमन्यांकडे वळतं. याउलट कॅल्शियम कमी, पीटीएच वाढलेलं आणि एक्स-रे स्वच्छ असेल तर थोड्या डोसात अ‍ॅसिटेट घेण्यात मला गैर वाटत नाही. सेव्हेलॅमरचा पूर्ण डोस झेपत नाही म्हणून ती आठवड्यातून चार दिवस घेणं मात्र दोन्हींपेक्षा वाईट.

लँथॅनम कमी गोळ्यांत काम करतं, पण नीट चावून खावं लागतं, मळमळ होते. लोहयुक्त गोळ्यांनी शौच काळी होते, त्याला घाबरू नये. अ‍ॅल्युमिनियमची औषधं दीर्घकाळ नकोत. अ‍ॅसिडिटीच्या पातळ औषधांतही ते असतं, बाटली वाचा.

गोळी कोणतीही असो, ती जेवणासोबतच हवी. रिकाम्या पोटी घेतलेली कॅल्शियमची गोळी फॉस्फरस बांधत नाही, उलट कॅल्शियम वाढवते. संध्याकाळचा चहा-खारीही जेवणच धरा. ताटात सगळा फॉस्फरस सारखा नसतो. डाळी-कडधान्यांतला निम्म्याच्या आसपास अंगी लागतो, पण कोला, प्रोसेस्ड चीज, तयार सॉसेज यांत मिसळलेला फॉस्फेट जवळपास सगळा. सुकट, जवळा, काट्यासकट खाल्लेले छोटे मासे यांतही तो भरपूर. डाळ पूर्ण तोडण्यापेक्षा या गोष्टी तोडा, कारण डायलिसिसवर प्रथिनं कमी पडणंही धोक्याचं आहे.

डॉक्टरांशी बोलताना अजून तीन गोष्टी विचारा. डायलिसिसच्या द्रावात कॅल्शियम किती आहे? लिटरला 1.25 ते 1.5 मिलिमोल ही शिफारस आहे, काही ठिकाणी 1.75 वापरतात. व्हिटॅमिन डीचा डोस आजच्या कॅल्शियमला शोभतो का? आणि रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर त्याला पर्याय आहे का? धमन्यांना साचण्यापासून राखणारं एक प्रथिन व्हिटॅमिन केवर चालतं आणि वॉरफरिन नेमकं तेच अडवतं. स्वतःहून मात्र ते थांबवू नका. वॉरफरिनवर असताना मांडीवर किंवा पोटावर दुखणारा जांभळट चट्टा आला तर त्याच दिवशी दाखवा.

गोळी बदलल्यावर दोन ते चार आठवड्यांनी फॉस्फरस आणि कॅल्शियम पुन्हा तपासून घ्या. कॅल्शियमचा आकडा अल्ब्युमिनप्रमाणे (रक्तातलं एक प्रथिन) दुरुस्त केलेला पाहा. अल्ब्युमिन कमी असलं तर रिपोर्टवरचं कॅल्शियम असतं त्यापेक्षा कमी दिसतं.