पाळी गेल्यावर मन खचलं तर गोळी, हार्मोन की चुंबकाची मशीन?

नागपूरला चुंबकाच्या मशीननं डिप्रेशनचा इलाज होतो हे आता खेड्यातही कानावर यायला लागलंय, आणि घरात पाळी गेलेली आई नाहीतर वहिनी महिनोन्‌महिने झोपत नसेल, वावरात जायचं मन करत नसेल, बोलता बोलता रडत असेल तर साहजिकच वाटतं की गोळ्यांच्या भानगडीत न पडता सरळ मशीनच करून घ्यावी. माझं मत स्पष्ट आहे, मशीन चांगली आहे, पण बहुतेक बायांसाठी ती पहिली पायरी नाही.

आधी रक्त तपासा. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर. थायरॉईड मंद झालं किंवा रक्त कमी असलं तरी असाच थकवा येतो, असंच मन उतरतं, आणि त्यावर ना चुंबक चालत ना डिप्रेशनची गोळी. गर्भपिशवीसोबत अंडाशयही काढली असतील तर तेही डॉक्टरला सांगा, कारण मग हार्मोन एकदम बंद पडतात आणि त्रास जास्त होतो.

आता गोळी. एस्सिटालोप्रामसारखी गोळी स्वस्त असते, सरकारी दवाखान्यातही असल्या गोळ्या मिळतात, आणि फरक पडायला दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणजे आठ दिवसांत "मले काई फरक नाई" म्हणून बंद करायची नाही. पहिल्याच गोळीनं पूर्ण बरे होणारे साधारण तिघांत एक, बाकीच्यांना डोस वाढवावा लागतो नाहीतर गोळी बदलावी लागते. सुरुवातीला मळमळ होते. आपल्या विदर्भात एक गोष्ट जास्त जपायची, या गोळ्यांनी उतारवयातल्या बायांच्या रक्तातलं सोडियम कमी होऊ शकतं, त्यात बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि वरून मे महिन्याचं ऊन, तर गरगरणं, गोंधळणं याला नुसतं ऊन लागलं समजू नका, सोडियम तपासून घ्या. व्हेनलाफॅक्सीनसारख्या काही गोळ्यांनी अंगातून निघणाऱ्या वाफाही कमी होतात, हा फायदा मशीनमध्ये नाही.

हार्मोनचं, म्हणजे पाळी गेल्यावर बाहेरून देतात त्या हार्मोनचं, थोडक्यात सांगते. वाफा, रात्रीचा घाम, योनीमार्गाचा कोरडेपणा यावर हार्मोनइतकं गुणकारी दुसरं काही नाही, आणि साठीच्या आत किंवा पाळी गेल्यावर दहा वर्षांच्या आत सुरू केलेलं बरं. पण पाळी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर आलेल्या डिप्रेशनचा तो इलाज नाही, आणि स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गाठी झालेल्या बाईला सहसा देत नाहीत. अशा बाईसाठी मात्र चुंबकाचा विचार नक्की करावा, कारण त्यात हार्मोनही नाही आणि कॅन्सरच्या गोळ्यांशी भांडणही नाही.

मशीनचं नाव आरटीएमएस, म्हणजे डोक्यावर बाहेरून चुंबकाचे ठोके देऊन मेंदूचा ठरावीक भाग चेतवणं. १९८५ मध्ये इंग्लंडातल्या शेफील्डला हे तंत्र पहिल्यांदा दाखवलं गेलं, अमेरिकेत २००८ मध्ये डिप्रेशनसाठी परवानगी मिळाली, तीही गोळीनं गुण न आलेल्यांसाठी. घरचे शॉक म्हणून घाबरतात, पण हे शॉक देणं नाही, भूल नाही, बाई पूर्ण जागी असते. खुर्चीत बसवतात, कानातले आणि केसातल्या पिना काढायला लावतात, कानात बोळे देतात, डोक्याच्या डाव्या बाजूला पुढं चुंबकाची कॉईल टेकवतात. पहिल्या दिवशी डॉक्टर ताकद हळूहळू वाढवत उजव्या हाताचा अंगठा कधी उडतो ते बघतात आणि त्यावरून तिचा डोस ठरतो. मग टकटक टकटक, डोक्याच्या कातडीला टोचल्यासारखं. डोकं दुखतं काहींचं, पहिल्या आठवड्यानंतर कमी होतं. फिट येणं फार क्वचित, पण आधी फिट आलेली असेल, डोक्यात धातूची क्लिप असेल किंवा पेसमेकर असेल तर बसायच्या आधी सांगायलाच हवं. गोळ्या फेल गेलेल्यांतही साधारण निम्म्यांना चांगला फरक पडतो, काहींना पुढं परत सिटिंग लागतात.

खरी अडचण येण्याजाण्याची आहे. आठवड्यात पाच दिवस, चार ते सहा आठवडे. यवतमाळहून नागपूर एका बाजूनं दीडशे किलोमीटरच्या आसपास, बाईला एसटीत अर्धं तिकीट आहे पण सोबत आलेल्या भावाला पूर्ण, शिवाय दोघांची रोजी बुडते. खेपा घालण्यापेक्षा नागपुरात नातेवाईकाकडं महिनाभर राहणंच परवडतं, आणि इलाज थोडा थांबून चालण्यासारखा असेल तर कापूस वेचणी आटोपून संक्रांतीनंतर जावं. अर्धवट सोडायचं असेल तर सुरूच करू नका बाप्पा, पैसा आणि आशा दोन्ही जातात.

म्हणून माझा हिशोब असा, जिची तपासणी झाली नाही किंवा एकही गोळी नीट सहा-आठ आठवडे घेतली नाही तिनं आधी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचाराच्या ओपीडीत जावं, वर्ध्याजवळचं सावंगी किंवा सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज जवळ असेल तर तिथं. दोन गोळ्या पूर्ण डोसनं घेऊनही ती उठून बसत नसेल, किंवा गोळ्या सोसतच नसतील, तर मशीन, आणि तेव्हा पैशाकडं बघून मागं हटू नये असं मला मनापासून वाटतं. चालू गोळी मात्र स्वतःहून सोडू नका.

जगणं नको असं ती बोलत असेल तर या तुलनेत वेळ घालवू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा, तिला एकटी ठेवू नका, त्याच दिवशी दवाखाना, आणि १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनला फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

मशीनचं ठरलंच तर पैसे भरायच्या आधी विचारा की एकूण सिटिंग किती, सगळे मिळून किती रुपये, आणि तीन मिनिटांवाला थीटा बर्स्ट (झपाट्यानं ठोके देणारा) प्रकार तुमच्याकडं आहे का, कारण गुण साधारण तेवढाच येतो आणि पाऊण तासाची बैठक वाचते.