१५ वर्षांची स्विफ्ट आणि ८ महिन्यांची कनेक्टेड गाडी, दोन्ही चालवून आलेला अनुभव

मंडळी, माझी स्विफ्ट व्हीडीआय (डिझेल) २०१० ची, एमएच ११ म्हणजे साताऱ्याची, किलोमीटर १ लाख ८६ हजार. आठ महिन्यांपूर्वी घरात नवीन कनेक्टेड एसयूव्ही आली, म्हणजे इंटरनेटवरून मोबाईलच्या अ‍ॅपला जोडलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे म्हणायचंय ते एका कंपनीपुरतं नाहीये. शोरूमवाले स्विफ्ट एक्स्चेंजला मागत होते, घरातले पण म्हणत होते दोन दोन गाड्या कशाला, पण वडिलांनी घेतलेली गाडी, माझा जीव होईना. म्हणून दोन्ही ठेवल्या आणि आलटून पालटून चालवतोय.

आधी नवीन गाडीचं चांगलं सांगतो. सहा एअरबॅग आहेत. यवतेश्वरच्या घाटात पुढं एसटी थांबली आणि आपण चढावर अडकलो तरी गाडी मागं सरकत नाही, बायको एकटी गाडी घेऊन कासला पहिल्यांदा गेली ती या गाडीतच. माझ्या स्विफ्टमध्ये एकही एअरबॅग नाही. त्यामुळं पोरांना घेऊन पुण्याला जायचं, खंबाटकी उतरायची, आजूबाजूला रात्रीचे कंटेनर, अशा वेळी मी नवीनच काढतो, तिथं जुन्या गाडीची माया मध्ये आणत नाही. मुलगा गाडी घेऊन गेला आणि शंभरच्या वर गेला की मला मोबाईलवर मेसेज येतो, ते पण आवडलं.

आता बामणोलीचं सांगतो. शिवसागरच्या (कोयनेच्या जलाशयाच्या) काठाला गाडी लावली, बोटीतून फिरून आलो तर रिमोटचा सेल उतरलेला, दार उघडेना. अ‍ॅपवरून उघडता येतं हे माहीत होतं म्हणून मोबाईल काढला, तर रेंजच नाही. आई उन्हात उभी, वय ७४. अर्ध्या तासानं एका जीपवाल्या दादांनी सांगितलं की रिमोटच्या पोटात लोखंडी किल्ली असते, बघा. खरंच होती. त्या किल्लीनं दार उघडलं, मग तो रिमोट गाडीच्या स्टार्ट बटणाला टेकवून धरला आणि गाडी चालू झाली. डिलिव्हरीच्या दिवशी तासभर अ‍ॅप शिकवलं, पण ही दोन मिनिटांची गोष्ट कुणी सांगितली नाही. तुमच्या गाडीत किल्ली कुठं आहे ते आजच बघून ठेवा आणि सीआर २०३२ चा एक जादा सेल घेऊन ठेवा (रिमोटवर कुठला नंबर आहे ते तपासून).

दुसरा त्रास मोठा. सॉफ्टवेअरचा अपडेट आला, रात्री लावला, सकाळी स्क्रीन काळी. एसीचं सगळं स्क्रीनवरच, त्यामुळं ना पंखा कमी करता येतो ना काच साफ करायची हवा लावता येते, रिव्हर्स कॅमेरा पण बंद. सर्व्हिस सेंटरला म्हणाले वरून फाईल यायला लागेल. सहा दिवस गाडी तिथंच. इंजिन ठणठणीत, टायर नवे आणि गाडी उभी, याचा मला अजून राग येतो.

त्याच्या उलट स्विफ्ट. डिसेंबरात सकाळी स्टार्ट व्हायला कुरकुर करायला लागली. जुन्या एमआयडीसीत आमचे मिस्त्री आहेत, त्यांनी बॉनेट उघडून आवाज ऐकला आणि हीटर प्लग (थंडीत डिझेल इंजिन चालू व्हायला आतून गरम करणारे) गेलेत म्हणाले. चारही काढले, एकेकाला मीटर लावून दाखवला, दोन मेलेले. मी म्हटलं चारही नवे टाका. चहा होईपर्यंत काम झालं. हे १२४८ सीसीचं मूळ फियाटचं इंजिन कितीतरी गाड्यांत आलं, त्यामुळं पार्ट मिळतात आणि हात बसलेला माणूस मिळतो. माझे वडील महाराष्ट्र स्कूटर्समध्ये होते, प्रिया स्कूटरच्या काळापासून घरात पान्याची पेटी आहे, त्यामुळं जे बिघडलंय ते डोळ्यांना दिसलं पाहिजे ही सवय मला तिथनं लागली असणार.

कनेक्टेड सेवा तीन वर्षं फुकट, नंतर पैसे. किती, ते शोरूममध्ये कुणी नीट सांगितलं नाही. आणि पैसे भरले तरी नेटवर्क टिकलं पाहिजे, अमेरिकेत २०२२ मध्ये एटी अँड टी या मोबाईल कंपनीनं थ्रीजी बंद केलं तेव्हा कितीतरी गाड्यांची ही फीचर्स एकदम गेली, गाड्या चांगल्या चालत होत्या तरी. गाडी आपण कुठं जातो, किती वेगानं जातो हे पण साठवते. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलानं २०२३ मध्ये गाड्यांचे २५ ब्रँड तपासले, प्रायव्हसीत एकही पास झाला नाही. मी सेटिंगमध्ये जाऊन जेवढं बंद करता आलं तेवढं केलं, तुम्ही पण करा.

जुनी ठेवणाऱ्यांना खर्च पण सांगतो. १५ वर्षं झाली की रिपासिंग (आरटीओत गाडीची पुन्हा तपासणी), ग्रीन टॅक्स, आणि रजिस्ट्रेशन रिन्यूची फी एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५००० झाली. पासिंगला नेण्याआधी मी क्लच, सायलेन्सरची गळती आणि हेडलाइट करून घेतले. मागच्या महिन्यात पासिंग झालं, आता पाच वर्षांचे कागद हातात आहेत. पुढचे दोन टायर पावसाळ्याआधी बदलणार आहे.